कुटाराच्या ढिगावरचा पिवळा थर चालतो कसा, आणि अडला की काय करतो

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडले, जमीन आतपर्यंत भिजली, की उकंड्याच्या कडेला, गेल्या वर्षीच्या सोयाबीनच्या कुटारावर किंवा धुऱ्यावर सडत पडलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर एक चमकदार पिवळा थर दिसू लागतो. कोणाच्या हातून वरण सांडलं असावं, तसा. काल संध्याकाळी तो ओंडक्याच्या पोटाशी होता, आज सकाळी वीतभर वर आलेला असतो. दोन दिवसांनी बघावं तर त्याची फिकट, ठिसूळ खपली झालेली असते आणि बोट लावलं की काळपट भुकटी उडते.

हा स्लाइम मोल्ड. मोल्ड म्हणजे बुरशी, पण हे नाव जुन्या गैरसमजातून पडलेलं आहे. बुरशी अन्नावर रस सोडते, ते बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. हा जीव मात्र जीवाणू, यीस्ट, बुरशीचे बीजाणू यांना वेढा घालतो आणि सगळेच्या सगळे आत घेतो, अमिबा घेतो तसे. त्याचं कूळही अमिबांचंच आहे. जगात याच्या सुमारे हजार जाती माहीत आहेत. उकंड्यावर दिसणारा मोठा पिवळा थर बहुतेक वेळा फुलिगो सेप्टिका या जातीचा असतो. प्रयोगशाळेत ज्याच्यावर सर्वात जास्त काम झालं, तो त्याचा जवळचा नातलग फायझेरम पॉलिसेफॅलम. पुढची बरीचशी माहिती या फायझेरमची आहे.

हातभर पसरलेला हा थर म्हणजे एकच पेशी असते. आत लाखो केंद्रकं, पण त्यांच्यामध्ये एकही भिंत नाही. या अवस्थेला प्लास्मोडियम म्हणतात. त्याचे चार तुकडे केले तर चार स्वतंत्र जीव होतात, आणि एकाच वाणाचे ते तुकडे शेजारी ठेवले तर पुन्हा एक होतात. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पाय नाहीत. तरी तो अन्नाकडे जातो, उन्हापासून पळतो, अडथळ्याला वळसा घालतो, आणि कोरड्या दिवसांत निजून पुढच्या पावसाळ्यात उठतो. विदर्भात पावसाचे चार महिने सोडले तर उरलेलं वर्ष त्याच्या विरोधातच असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तरीही तो इथे टिकून आहे.

आधी चाल समजून घेऊ

प्लास्मोडियमच्या अंगात नळ्यांचं जाळं असतं. नळीची भिंत घट्ट, जेलीसारखी. आतला रस पातळ. भिंतीत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं असतात. बैलाच्या खांद्याचा स्नायू ज्या प्रथिनांवर आखडतो, तीच ही. भिंत आवळते, सैल होते, पुन्हा आवळते. एका फेरीला साधारण एक ते दोन मिनिटं लागतात. आवळलं की आतला रस पुढे धावतो, सैल झालं की मागे येतो. या रसाचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपर्यंत जातो. साध्या भिंगातून पाहिलं तरी पिवळे कण आधी एका दिशेने पळताना, थबकताना आणि मग उलटे पळताना दिसतात. अंगावर काटा येईल असं ते दृश्य असतं.

रस पुढे-मागे होत असेल तर जीव पुढे कसा सरकतो? चिखलात रुतलेली बंडी काढताना ती एकदम ओढत नाहीत. मागे-पुढे झुलवतात आणि दर झोक्याला पुढे थोडी जास्त जाऊ देतात. इथेही तसंच घडतं. रस पुढच्या दिशेला थोडा जास्त वेळ वाहतो, मागे थोडा कमी. उरलेला फरक म्हणजे त्याची चाल. एरवी ती तासाला सुमारे एक सेंटिमीटर असते, भूक लागली असेल तर चारपर्यंत जाते. पुढची कड पंख्यासारखी पसरते, मागे नळ्यांचं जाळं राहतं आणि त्याहीमागे वाळलेल्या चिकट द्रवाचा माग.

वातावरण बदललं की या जीवाच्या हाती बदलण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत: आवळण्याचा वेग, भिंतीचा घट्टपणा आणि नळ्यांची जाडी. अन्नाची चव लागली की त्या कडेचं आवळणं-सैलावणं जलद होतं, भिंत मऊ पडते, रस तिकडे धावतो. मीठ किंवा तीव्र उजेड लागला की त्या भागाचा ठेका मंदावतो, भिंत ताठरते, आणि रस जिकडे वाट मोकळी तिकडे जातो. कुठलाही एक भाग बाकीच्यांना हुकूम देत नाही. प्रत्येक तुकडा आपल्या जागेवर काय लागतंय त्याप्रमाणे ठेका बदलतो, शेजारच्याला ओढतो किंवा त्याच्याकडून ओढला जातो. या ओढाताणीतून जे निघतं ती दिशा.

नळ्यांचं गणित धानाच्या बांधीतल्या पाटासारखं आहे. ज्या पाटातून पाणी जास्त वाहतं तो रुंदावतो, ज्यातून वाहत नाही तो बुजतो. नळीतून जास्त रस गेला की ती जाड होते, कमी गेला की बारीक होऊन नाहीशी होते. यात एक मोठी मेख आहे. नळीचा व्यास दुप्पट झाला तर, बाकी सगळं तेच ठेवून, तिच्यातून सोळापट रस जातो, कारण प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणून सुरुवातीचा छोटासा फरकही लवकरच निकाली ठरतो. जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली चक्रव्यूहाच्या दोन टोकांना ओट्सचं अन्न ठेवलं. प्लास्मोडियम आधी सगळ्या वाटांत भरला होता. मग बंद गल्ल्यांतला आणि लांबच्या वाटांतला रस आटला आणि शेवटी सर्वात जवळच्या वाटेवर एकच जाड नळी उरली. २०१० साली त्याच चमूने टोकियोच्या परिसरातल्या ३६ ठिकाणी अन्न मांडलं, तेव्हा एका दिवसाच्या आसपास तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं जाळं तयार झालं. डोंगर आणि पाण्याच्या जागी त्यांनी उजेड पाडला होता, कारण उजेड हा त्याला अडवण्याचा सोपा मार्ग.

ऊन, कोरडेपणा, मीठ

उजेडात, विशेषतः निळ्या आणि अतिनील उजेडात, तो मागे हटतो. म्हणूनच दिवसा तो ओंडक्याच्या खाली आणि पाल्याच्या थरात असतो, आणि वर आलेला दिसतो तो ढगाळ दिवशी किंवा रात्रीनंतर पहाटे. पण ही सरसकट भीती नाही. उजेडात ठेवलेलं अन्न बरंच जास्त पौष्टिक असेल तर तो उजेड सोसून तिथे जातो.

कोरडेपणाबद्दलचा सर्वात विलक्षण प्रयोग २००८ सालचा आहे, तोही नाकागाकींच्याच गटाचा. उबदार, दमट हवेत पुढे सरकणाऱ्या प्लास्मोडियमला ठरावीक अंतराने, समजा दर तासाला, दहा मिनिटं थंड आणि कोरडी हवा दिली. प्रत्येक वेळी त्याची चाल मंदावली. असं तीनदा केलं. चौथ्या वेळी हवा बदललीच नाही, तरीही बरोबर त्याच वेळेच्या आसपास अनेक प्लास्मोडियम आपोआप मंदावले. पुढे काहीच घडलं नाही म्हणून ते पुन्हा नेहमीच्या चालीवर आले. मग बऱ्याच वेळाने कोरड्या हवेचा एकच झटका दिला, तर जुना ठेका पुन्हा जागा झाला आणि तासाभराने ते परत मंदावले. घड्याळ नसलेल्या जीवाला तास कसा कळला? चमूने मांडलेलं स्पष्टीकरण असं: त्याच्या अंगात वेगवेगळ्या लयीची अनेक आंदोलनं एकाच वेळी चालू असतात. बाहेरचा झटका ठरावीक अंतराने आला की त्या लयीशी जुळणारी आंदोलनं एका पावलावर येतात आणि झटके थांबल्यावरही काही काळ तशीच चालत राहतात. हे गणिती स्पष्टीकरण आहे. अमुक रेणू म्हणजे ते घड्याळ, असं बोट त्यात ठेवलेलं नाही.

मिठाची आणि कडू पदार्थांची गोष्ट याहून खोल आहे. फ्रान्समधल्या तुलूझच्या ऑड्री द्युसूतूर यांच्या गटाने २०१६ साली प्लास्मोडियम आणि अन्न यांच्यामध्ये अगारचा, म्हणजे घट्ट गोठलेल्या जेलीचा, छोटा पूल ठेवला आणि पुलात क्विनीन किंवा कॅफीन मिसळलं. मात्रा बेताची, कडू लागेल पण मारणार नाही अशी. पहिल्या दिवशी तो पुलाच्या तोंडाशी रेंगाळला आणि मग बारीक बोटासारखी एकच फांदी काढून, अंग शक्य तितकं कमी टेकवत पलीकडे गेला. रोज तोच पूल दिला तेव्हा पाच-सहा दिवसांत तो साध्या पुलावरून जावा तसा, पंखा पसरून जाऊ लागला. हा थकवा किंवा बधिरपणा तर नसेल? ते तपासायला क्विनीनला सरावलेल्यांना कॅफीनचा पूल दिला, तर ते पुन्हा बिचकले. म्हणजे सराव त्याच पदार्थाचा झाला होता. दोन दिवस तो पदार्थ दिलाच नाही तर सराव ओसरला.

पुढे याच प्रयोगशाळेत मिठाला सरावलेला एक तुकडा आणि न सरावलेला एक तुकडा शेजारी ठेवले. दोघे एक झाले आणि मध्ये नळी जुळली, की न सरावलेलाही मिठाचा पूल बिनदिक्कत ओलांडू लागला. त्यासाठी जोड निदान तीन तास टिकावा लागतो. नळी जुळण्याआधी वेगळे केले तर काहीच पोचत नाही. २०१९ साली यामागचं एक कारण हाती लागलं: सरावताना तो मीठ अंगात शोषून घेतो आणि साठवतो. त्याला वाळवून महिनाभर निजवलं आणि उठवलं तरी ते मीठ आणि तो सराव दोन्ही टिकले. याला ‘शिकणं’ म्हणावं का, यावर वाद आहे. पण सवय पडणं हा शिकण्याचा सर्वात साधा प्रकार धरला जातो आणि त्याच्या नेहमीच्या कसोट्या इथे पुऱ्या होतात. तेवढ्यापुरता हा शब्द वापरायला हरकत नसावी.

आणखी एक अडचण म्हणजे बंद बोळ. पुढे अन्नाचा वास आहे, पण मध्ये इंग्रजी यू आकाराची भिंत. सरळ वासामागे जाणारा जीव त्या खोलगट भागात अडकून राहील. २०१२ साली सिडनीत क्रिस रीड आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. स्वच्छ अगारवर ९६ टक्के प्लास्मोडियम बाहेर पडून अन्नापर्यंत पोचले. पण सगळीकडे आधीच त्यांचाच चिकट द्रव फासून ठेवला तेव्हा फक्त ३३ टक्के पोचले. कारण साधं आहे. जिथे आपला माग लागतो तिथे तो परत जायचं टाळतो. सगळीकडेच माग असला तर कुठे जाऊन आलो हे कळत नाही. वखर कुठपर्यंत फिरला हे वखरणाऱ्याला लक्षात ठेवावं लागत नाही, मातीच सांगते. याची आठवणही अशीच अंगाबाहेर, जमिनीवर ठेवलेली असते.

काही आठवण अंगातही राहते. म्युनिकजवळच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की अन्न सापडलेल्या जागेजवळच्या नळ्या जाड होतात आणि अन्न संपल्यावरही त्यांची जाडी टिकते. पुढच्या वेळी रस आपोआप त्या बाजूला जास्त जातो.

चालून भागत नाही तेव्हा

वळसा घालून, मंदावून किंवा सरावून भागत नसेल, तर चालणंच थांबवायचं. त्याच्यापुढे दोन वाटा असतात आणि त्यांतली कुठली घ्यायची हे बऱ्याच अंशी ओल, भूक आणि उजेड यांवर ठरतं.

पहिली वाट निजण्याची. हवा हळूहळू कोरडी होत गेली किंवा थंडी पडली, की प्लास्मोडियम आक्रसतो. आतला रस लहान-लहान कप्प्यांत वाटला जातो, प्रत्येकात मोजकी केंद्रकं, भोवती जाड कवच. एक-दोन दिवसांत पिवळ्या थराची नारिंगी-तपकिरी, कडक खपली होते. तिला स्क्लेरोशियम म्हणतात. सालीच्या फटीत अशी खपली महिनोन्महिने पडून राहते आणि ओल मिळाली की साधारण एका दिवसात तिच्यातून पुन्हा पिवळा पंखा बाहेर येतो. इथे ‘हळूहळू’ हा शब्द जपून ठेवा. परतीचा पाऊस सरल्यावर पाल्याखालची ओल दिवसेंदिवस उतरते, तेव्हा कवच बांधायला वेळ मिळतो. तोच ओंडका भरदुपारी उलटून उन्हात टाकला तर तासाभरात जीव मरतो, कवच होत नाही.

दुसरी वाट बीजाणूंची, आणि इथे सगळं उलटं होतं. पोट भरलेला प्लास्मोडियम उजेडापासून पळतो. पण चार-पाच दिवस उपाशी राहिलेल्या फायझेरमला बीजाणूधानी, म्हणजे बीजाणू धरणारे बारीक गोळे, करायला उजेडच लागतो. मग तो ओल आणि अंधार सोडून वर येतो: ओंडक्याच्या माथ्यावर, गवताच्या पात्यावर, भिंतीवर, कधी विहिरीच्या काठावर. तिथे त्याचं सगळं अंग बीजाणू आणि त्यांच्या देठांमध्ये संपतं. परतायची वाट नाही. भूक नसलेल्याला जे संकट, तेच उपाशी असलेल्याला बाहेर पडायचं दार. बीजाणूंना वारा हवा, आणि वारा पाल्याखाली नसतो. कुठलं वातावरण प्रतिकूल हे नुसत्या वातावरणावरून सांगता येत नाही. आधी त्या जीवाची अवस्था विचारावी लागते.

बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून एक सूक्ष्म पेशी निघते. मातीवर ओलीचा पातळ थर असेल तर ती अमिबासारखी सरपटते. पाणी साचलं तर तासाभरात शेपटीसारखे दोन धागे काढून पोहू लागते. पाणी ओसरलं तर धागे आत घेऊन पुन्हा सरपटते. सगळंच वाळलं तर गोल होऊन कवचात बसते. झड लागली, उघडली, पुन्हा आली, असा आपला पाऊस असतो. त्यात ही पेशी किती वेळा चाल बदलत असेल याचा विचार करून पाहा. अशा दोन जुळणाऱ्या पेशी एकत्र आल्या की नवा प्लास्मोडियम सुरू होतो.

डिक्टिओस्टेलियम नावाचा दूरचा भाऊबंद वेगळाच मार्ग काढतो. केनेथ रेपर यांना तो १९३३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलात, कुजलेल्या पाल्यात सापडला. याच्या पेशी एरवी सुट्या राहून मातीतले जीवाणू खातात. जीवाणू संपले की उपाशी पेशी दर सहा मिनिटांच्या आसपास एका रसायनाची पिचकारी सोडतात. शेजारच्या पेशी त्या दिशेला सरकतात आणि स्वतःही पिचकारी सोडतात. काही तासांत एक लाखापर्यंत पेशी जमून दोन-चार मिलिमीटर लांबीचा, गोगलगायीसारखा सरपटणारा पुंजका बनतो. हा पुंजका उजेडाकडे आणि उबेकडे जातो, म्हणजे मातीच्या वर. शेवटी सुमारे पाचवा हिस्सा पेशी मरून ताठ देठ होतात आणि उरलेल्या त्या देठावर बीजाणू होऊन बसतात.

शेतात दिसला तर

हिरवळीवर, कोवळ्या बरबटीवर किंवा भुईलगतच्या पानांवर राखाडी, राखेसारखे ठिपके दिसले की ते रोग समजून बुरशीनाशक मारलं जातं. तो पैसा वाया जातो. बहुतेक वेळा हा फायझेरम सिनेरियम असतो. तो बीजाणू पिकवायला पानावर चढलेला असतो, पानातलं काही खात नाही. झाकलेल्या भागाला चार-आठ दिवस उजेड कमी मिळतो, एवढंच नुकसान. पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं की जातो. ओळखायची खूण: बोटाने पुसला की निघतो आणि खाली पान हिरवंगार, निरोगी असतं. भुरी रोगात खालचं पान पिवळं पडत जातं.

खरा त्रास होतो तो धिंगरी मशरूमच्या पिशव्यांवर. काही जाती तिथे मशरूमचे तंतूच खातात. कारण जवळपास नेहमी एकच असतं: कुटार किंवा तणस नीट गरम पाण्यातून काढलेलं नाही आणि पिशव्या गरजेपेक्षा ओल्या आहेत. थर दिसलेली पिशवी लगेच खोलीबाहेर काढा, बाकीच्यांवरचं पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. पिवळा थर पुसून तीच पिशवी पुन्हा रचली तर तो दोन दिवसांत शेजारच्या पिशवीवर जातो. त्याला पाय नाहीत म्हणून तो जागचा हलणार नाही, ही समजूत इथे महाग पडते.

भुकटी नाकात जाऊ देऊ नका. दमा असलेल्यांना तिचा त्रास होऊ शकतो.

शाळेत किंवा घरी पाहायचा असेल तर

लागणाऱ्या वस्तू सगळ्या तालुक्याला मिळतात. झाकणाचे पारदर्शक चपटे डबे, साधे ओट्स आणि अगार. अगार किराणा दुकानात चायना ग्रास नावाने मिळतो. साखर किंवा स्वाद घातलेलं पाकीट घेऊ नका. २०० मिली पाण्यात ३ ग्रॅम चायना ग्रास टाकून, ढवळत, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि डब्यांत बोटाच्या अर्ध्या पेराइतकं ओता. थंड होईपर्यंत झाकण तिरपं ठेवा, नाहीतर झाकणावरचं पाणी खाली टपकून थर ओला होतो.

पाण्याकडे सर्वात जास्त लक्ष द्या. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन कमी होतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वापरूच नका. त्यातले क्षार मिठाच्या प्रयोगाला मुळातच बिघडवतात: बिनमिठाचा म्हणून केलेला पूलही खारट निघतो आणि दोन्हींत फरक दिसत नाही. पावसाचं पाणी गाळून, उकळून घेणं सर्वात चांगलं.

जुलै ते सप्टेंबरमध्ये सडलेल्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला पिवळ्या किंवा पांढऱ्या शिरांचं जाळं शोधा. भुकटी उडणारी, बीजाणूंची खपली झालेला थर घेऊ नका, तो परत फिरत नाही. शिरांसकट लाकडाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्या, अगारवर ठेवा आणि एक सेंटिमीटरवर ओट्सचा एक दाणा. डबा घडवंचीखाली ठेवा. माठाजवळची ती जागा अंधारी, थंड आणि दमट असते. २२ ते २६ अंश त्याला मानवतं, तिशीच्या वर तो कष्टी होतो. दुसऱ्या दिवशी दाण्यावर पिवळं जाळं चढलं तर जमलं. ते जाळं चढलेला दाणाच उचलून नव्या अगारवर ठेवा. असं दोन-तीनदा केलं की लाकडाबरोबर आलेली बुरशी आणि किडे मागे राहतात. रानातली प्रत्येक जात ओट्स खात नाही. तीन दिवसांत हालचाल नसेल तर दुसरा ओंडका शोधा.

प्लास्मोडियम नाहीच मिळाला, तर सालीची पद्धत उन्हाळ्यातही चालते. बाभूळ, कडुनिंब किंवा मोहाच्या जिवंत झाडाची वाळकी, सुटी साल आणा. डब्यात टिश्यू पेपर, त्यावर सालीचे तुकडे एकमेकांना न टेकतील असे मांडा, बुडेपर्यंत पाणी घाला. २४ तासांनी जास्तीचं पाणी ओतून द्या आणि झाकण लावा. मग चार ते सहा आठवडे दहापट भिंगातून पाहत राहा. मिलिमीटरभर उंचीच्या देठांवरचे गोळे दिसतील. त्या या जीवाच्या बीजाणूधानी.

उजेडाच्या प्रयोगात डब्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका, प्लास्मोडियम मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना सारखे ओट्स. दिवा एलईडीचा आणि निदान फूटभर दूर असू द्या. जवळचा दिवा किंवा खिडकीचं ऊन डबा तापवतं, आणि मग तो उजेडाला हटला की उष्णतेला, हे सांगता येत नाही. मधून पाहताना टॉर्चवर लाल सेलोफेन लावा.

मिठाच्या पुलासाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यातल्या २०० मिलीत वरच्याप्रमाणे अगार करा. एका ग्रॅमसाठी तराजू शोधत बसण्यापेक्षा हे सोपं आणि अचूक. अगारचे दोन तुकडे डब्यात अंतर सोडून ठेवा, मध्ये तीन सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद पट्टी. एका बाजूला प्लास्मोडियम, दुसऱ्या बाजूला ओट्स. पट्टी दोन्हीकडे नीट टेकलेली हवी. बारीक फट राहिली तरी तो तिथे थांबतो आणि मुलं समजतात मिठाला घाबरला. मिठाच्या पाच आणि बिनमिठाच्या पाच पट्ट्या एकाच वेळी लावा, दर अर्ध्या तासाला झाकणावर पेनने पुढच्या कडेची रेघ मारा. मग मिठाच्या डब्यांना रोज तोच पूल द्या आणि सहाव्या दिवशीच्या रेघा पहिल्या दिवसाच्या रेघांशी ताडून पाहा.

बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. ओट्स जास्त टाकले की काळी-हिरवी बुरशी येते. एका डब्याला तीन-चार दाणे पुरे, उरलेले काढून टाका. पाणी साचलं की प्लास्मोडियम झाकणावर चढून बसतो. त्याला अन्न नको असं नसतं, खाली बुडायला झालेलं असतं. रंग फिका पडून कड विरघळल्यासारखी दिसली तर डबा तापला आहे.

दिवाळीपर्यंत खेळून झालं की त्याला निजवून ठेवा. ओल्या टिश्यू पेपरवर, ओट्स न देता, प्लास्मोडियम पसरू द्या. मग अंधारात झाकण जराशी फट ठेवून तीन दिवस कागद आपोआप वाळू द्या. पंखा लावू नका, उन्हात ठेवू नका. कडक, नारिंगी खपल्या झाल्या की कागदाचे चार तुकडे करा, कागदी पाकिटात घालून तारीख लिहा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत थंड जागी ठेवा. टिनाच्या छताखालचा माळा मे महिन्यात त्यासाठी निकामी. जूनमध्ये एक तुकडा ओल्या अगारवर टाका, शेजारी एकच दाणा. दोन दिवसांत कडेला पिवळं काही फुटलं नाही आणि कागदाला बुरशीचा वास आला, तर तो फेकून दुसरा तुकडा घ्या. चार ठेवायचे ते याचसाठी.